नाव एक, पत्ते अनेक

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला दुसऱ्या यंत्राशी जोडून घ्यायचे असेल, तर शेवटी ‘कनेक्ट’ हा सिस्टिम कॉल करावा लागतो, आणि त्या कॉलला नाव कळत नाही. त्याला आकडे लागतात. आयपीव्ही४ असेल तर ३२ बिटांचा पत्ता, आयपीव्ही६ असेल तर १२८ बिटांचा, आणि सोबत १६ बिटांचा पोर्ट क्रमांक. वापरणारा माणूस मात्र नाव टाइप करतो. ही दोन टोके जोडणारी जी काही फंक्शन्स सीच्या लायब्ररीत आहेत, त्यांच्याविषयी हे पुस्तक आहे. ती बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. मग एवढ्याशा विषयाला आख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

त्याचे उत्तर असे. या कामाची शिकवणी बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकली जाते : फंक्शनला नाव द्या, परत आलेल्यातला पहिला पत्ता उचला, कनेक्ट करा, पुढे चला. माझा सगळा आक्षेप त्या ‘पहिला पत्ता उचला’ला आहे. नाव दिले की पत्ता मिळतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. नाव दिले की उत्तर मिळते. त्या उत्तरात एक पत्ता असेल, आठ असतील, एकही नसेल, किंवा ‘आत्ता सांगता येत नाही, पुन्हा विचारा’ एवढेच असेल. ही प्रत्येक शक्यता प्रोग्राममध्ये वेगळी हाताळावी लागते. ती न हाताळलेले प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर उत्तम चालतात आणि दुसऱ्याच्या नेटवर्कवर अडतात.

हा समज आला कुठून, ते पाहायला आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या काळात जावे लागते. १९७१ मध्ये मायटर संस्थेतल्या पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ हा दस्तऐवज लिहून यंत्रांना सगळीकडे सारखी नावे असावीत, असे सुचवले. त्यानंतरही प्रत्येक केंद्र आपापली यादी ठेवतच होते. १९७३ च्या डिसेंबरात एल. पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये या प्रकाराविरुद्ध स्पष्ट शब्दांत तक्रार केली आणि एकच अधिकृत यादी नेटवर्कवर ठेवावी, असा आग्रह धरला. ती यादी म्हणजे ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नेटवर्क माहिती केंद्र होते. एलिझाबेथ फाइन्लर त्याच्या प्रमुख. नवे यंत्र जोडायचे असेल तर या केंद्राला कळवायचे. तिथली माणसे फाइलमध्ये ओळ घालणार, आणि बाकीच्यांनी ती फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची.

ही व्यवस्था बरीच वर्षे नीट चालली, हे फाइन्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट. पण यंत्रे वाढली तशी फाइल वाढली, ती उतरवून घेणारे वाढले, आणि उतरवून होईतो ती शिळी होऊ लागली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी या अडचणीवर डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, उभी केली. तिचे पहिले दोन दस्तऐवज, आरएफसी ८८२ आणि ८८३, नोव्हेंबर १९८३ मधले आहेत. आज प्रमाण मानले जाणारे १०३४ आणि १०३५ हे नोव्हेंबर १९८७ चे.

आता सी भाषेची बाजू. बर्कली विद्यापीठाची ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती ऑगस्ट १९८३ मध्ये आली. सॉकेटचे सगळे कॉल आणि ‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन तिच्यातून जगभर गेले. तारखा शेजारी ठेवून पाहा. डीएनएसचे पहिले दस्तऐवज प्रसिद्ध व्हायच्या तीन महिने आधी हे फंक्शन लोकांच्या हाती होते. तेव्हा ते स्वतःच्याच यंत्रावरची ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही फाइल उघडायचे, ओळ शोधायचे आणि पत्ता द्यायचे. फाइल वाचायला वेळ लागत नाही, म्हणून वाट पाहण्याचा विचार त्याच्या रचनेत नाही. त्या काळच्या प्रोग्राममध्ये एका वेळी एकच काम चालायचे, म्हणून उत्तर ठेवायला एकच स्थिर जागा पुरली. आणि फाइलमधल्या एका ओळीत एकच पत्ता असतो, म्हणून ‘होस्टएंट’ या स्ट्रक्चरमध्ये ‘एच_ॲड्र’ नावाचा एकच रकाना होता.

पुढे बर्कलीतच डीएनएससाठी बाइंड हे सॉफ्टवेअर तयार झाले आणि १९८६ च्या ४.३ बीएसडीपर्यंत या फंक्शनचे पोट बदलले. फाइलऐवजी ते नेटवर्कवर प्रश्न विचारू लागले. नाव मात्र तेच राहिले, आणि बोलावण्याची रीतही तीच. एका नावाला अनेक पत्ते असू शकतात म्हणून ‘एच_ॲड्र’च्या जागी ‘एच_ॲड्र_लिस्ट’ ही यादी आली. जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ‘एच_ॲड्र’ या नावाचा मॅक्रो ठेवला गेला, आणि तो यादीतला शून्याव्या क्रमांकाचा पत्ता देतो. सोय चांगल्या हेतूने केलेली होती. परिणाम असा झाला, की पुढची कित्येक वर्षे लोक तोच मॅक्रो लिहीत राहिले आणि यादीतले बाकीचे पत्ते कोणी पाहिलेच नाहीत. पहिला पत्ता उचलण्याच्या सवयीचे मूळ इथे आहे.

गेटहोस्टबायनेमच्या इतर उणिवा मी थोडक्यात सांगतो, कारण ते आता नव्या कामात वापरायचेच नाही. त्याचे उत्तर स्थिर जागेत असल्याने दोन थ्रेडनी ते एकदम बोलावले तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर लिहिले जाते. चूक कळवायला ते ‘एररनो’ वापरत नाही, त्याचा स्वतःचा ‘एच_एररनो’ आहे. आणि आयपीव्ही६ साठी त्यात सरळ वाट नाही. पॉझिक्स प्रमाणकाने २००१ मध्ये ते जुने ठरवले आणि २००८ च्या आवृत्तीतून काढूनच टाकले. तरीही आजच्या कोडमध्ये ते सर्रास भेटते, म्हणून एक प्रकरण त्याला दिले आहे : वाचता यावे यासाठी, लिहिण्यासाठी नव्हे.

त्याची जागा ‘गेटॲड्रइन्फो’ने घेतली. आयपीव्ही६ साठी सॉकेटमध्ये करायचे बदल सांगणाऱ्या आरएफसी २१३३ मध्ये, म्हणजे १९९७ मध्ये, ते आले आणि २००१ पासून पॉझिक्सचा भाग आहे. सीच्या लायब्ररीत इतक्या विचाराने रचलेली फंक्शन्स थोडी आहेत, असे माझे मत आहे. त्याला चार गोष्टी द्यायच्या : यंत्राचे नाव, सेवेचे नाव किंवा पोर्ट क्रमांक, आपल्याला काय हवे याच्या सूचना असलेले एक स्ट्रक्चर, आणि उत्तर ठेवायला एक पॉइंटर. सूचनांचे स्ट्रक्चर आधी ‘मेमसेट’ने शून्य करून घ्यायचे, कारण त्यातला एखादा रकाना कचऱ्याने भरलेला राहिला तर चूक भलतीकडेच दिसते. मग कुटुंबाच्या रकान्यात ‘एएफ_अनस्पेक’ लिहायचे, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालतील. प्रकाराच्या रकान्यात ‘सॉक_स्ट्रीम’. हा दुसरा रकाना रिकामा ठेवला तर लिनक्सवर प्रत्येक पत्ता तीन-तीनदा येतो : एकदा स्ट्रीमसाठी, एकदा डेटाग्रामसाठी, एकदा रॉसाठी. नवशिका ते पाहून चक्रावतो.

उत्तर म्हणून मिळते ती साखळी. तिची प्रत्येक कडी ‘ॲड्रइन्फो’ स्ट्रक्चरची, आणि प्रत्येक कडीत सॉकेट उघडायला आणि कनेक्ट करायला लागणारे सगळे तयार असते. कडीतले कुटुंब, प्रकार आणि प्रोटोकॉल हे तीन आकडे जसेच्या तसे ‘सॉकेट’ला द्यायचे. पत्ता आणि त्याची लांबी जशीच्या तशी ‘कनेक्ट’ला द्यायची. जमले तर थांबायचे. नाही जमले तर ते सॉकेट बंद करायचे आणि ‘एआय_नेक्स्ट’ धरून पुढच्या कडीवर जायचे. साखळी संपली तरच हार मानायची. या लूपमध्ये आयपीव्ही४ किंवा आयपीव्ही६ हा शब्द कुठेही येत नाही, हे नीट लक्षात घ्या. पत्त्याच्या पोटात काय आहे, हे प्रोग्रामला पाहावेच लागत नाही. आयपीव्ही४ चे स्ट्रक्चर १६ बाइटांचे आणि आयपीव्ही६ चे लिनक्सवर २८ बाइटांचे असते. ज्याने १६ बाइटांची जागा गृहीत धरून कोड लिहिला त्याची अडचण होते. ज्याने कडीतली लांबी वापरली त्याला हा फरक कळतही नाही.

या लूपमध्ये दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे कनेक्ट फसल्यावर सॉकेट बंद न करणे. दिवसभर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अशी उघडी सॉकेट साचत जातात आणि एका क्षणी नवे काही उघडतच नाही. दुसरी, साखळीच्या पहिल्या कडीचा पॉइंटरच पुढे सरकवत नेणे. मग शेवटी ‘फ्रीॲड्रइन्फो’ला द्यायला सुरुवातच हाती उरत नाही आणि मेमरी गळते. पहिली कडी एका पॉइंटरमध्ये जपा, फिरण्यासाठी दुसरा घ्या.

साखळी शेवटपर्यंत का चालायची, याचा एक नमुना घरच्या यंत्रावरच मिळतो. बहुतेक लिनक्स यंत्रांवर ‘लोकलहोस्ट’ या नावाला दोन उत्तरे येतात : आयपीव्ही६ चा ::१ आणि आयपीव्ही४ चा १२७.०.०.१. क्रम बहुधा हाच असतो, कारण कोणता पत्ता आधी द्यायचा याचे नियम आरएफसी ६७२४ मध्ये ठरवून दिले आहेत आणि लायब्ररी त्यानुसार यादी लावते. आता तुमचा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो आहे, असे धरा. क्लायंटने पहिलाच पत्ता उचलला तर तो ::१ वर जाऊन आपटतो आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश येतो. सर्व्हर तर समोर चालू दिसतो आहे! माणूस फायरवॉल तपासतो, पोर्ट बदलतो, यंत्र पुन्हा चालू करतो. दुसरी कडी पाहिली असती तर काम तिथल्या तिथे झाले असते. भारतात मोबाइल नेटवर्कवरची फार मोठी वाहतूक आज आयपीव्ही६ वरून जाते. तेव्हा दोन प्रकारचे पत्ते एकत्र मिळणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

लूप क्रमाने चालतो, ही त्याची मर्यादा. पहिला पत्ता नकार देत नसेल, नुसताच गप्प राहत असेल, तर लिनक्सवर कनेक्टचा नाद सोडायला कर्नलला साधारण दोन मिनिटे लागतात. तोवर वापरणारा कंटाळून निघून जातो. म्हणून ब्राउझर पहिल्या पत्त्याच्या उत्तराची थोडी वाट पाहून दुसऱ्याकडेही धाव घेतात. आरएफसी ८३०५ ने त्यासाठी २५० मिलिसेकंद सुचवले आहेत. सीमध्ये हे लिहिणे कष्टाचे आहे, पण जमण्यासारखे आहे.

वाट पाहण्याचा दुसरा प्रकार खुद्द गेटॲड्रइन्फोच्या आतला. हे फंक्शन उत्तर येईपर्यंत परत येत नाही. आत ते आधी ‘/ईटीसी/एनएसस्विच डॉट कॉन्फ’ ही फाइल पाहून कोणाला विचारायचे ते ठरवते. साधारणपणे आधी होस्ट्स फाइल, मग डीएनएस. डीएनएससाठी ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइलमधले सर्व्हर घेते. तिथे तीनपर्यंत सर्व्हर मानले जातात. वेगळे काही लिहिले नसेल तर पाच सेकंदांची मुदत आणि दोन फेऱ्या. नेटवर्क आजारी असेल तर प्रोग्राम या एका ओळीवर कित्येक सेकंद अडून राहतो. खिडक्या-बटणांचा प्रोग्राम असेल तर तो गोठतो, सर्व्हर असेल तर बाकीच्या ग्राहकांचे काम थांबते. म्हणून हे काम वेगळ्या थ्रेडवर द्यावे. त्यासाठीच ते थ्रेडमध्ये सुरक्षित केलेले आहे.

चुका कळवण्याची रीतही समजून घ्यायला हवी. गेटॲड्रइन्फो चूक दाखवणारा क्रमांक थेट परत करते आणि ‘गाय_स्ट्रएरर’ त्याचे वाक्य बनवून देते. इथे सवयीने ‘पीएरर’ लिहिले, तर भलताच, कधी कधी ‘सक्सेस’ असा संदेश छापला जातो. परत आलेल्या क्रमांकांत दोन महत्त्वाचे. ‘ईएआय_नोनेम’ म्हणजे असे नाव नाही, पुन्हा विचारून उपयोग नाही. ‘ईएआय_अगेन’ म्हणजे सध्या उत्तर मिळत नाही, थोड्या वेळाने विचारा. या दोघांना एकच वागणूक देणारा प्रोग्राम क्षणभर नेटवर्क गेले तरी वापरणाऱ्याला ‘नाव चुकीचे आहे’ असे सांगतो. माणूस अचूक टाइप केलेले नाव तीनतीनदा तपासत बसतो.

आकड्यांचे पत्ते मजकुरातून बिटांत आणि बिटांतून मजकुरात नेणाऱ्या फंक्शन्सचा एक वेगळा गट आहे. त्यातले जुने ‘आयनेट_ॲड्र’ चूक झाली की उणे एक देते. ३२ बिटांत उणे एक म्हणजे सगळे बिट एक, आणि तोच २५५.२५५.२५५.२५५ हा खराखुरा ब्रॉडकास्ट पत्ता! चूक आणि बरोबर उत्तर यांत फरकच करता येत नाही. शिवाय ०१०.०.०.१ असे लिहिले तर सुरुवातीच्या शून्यामुळे ते अष्टमान धरून ८.०.०.१ असा पत्ता काढते. ‘आयनेट_पीटॉन’ आणि ‘आयनेट_एनटॉप’ ही नवी जोडी असली मोकळीक देत नाही. तीच वापरावी. पोर्ट क्रमांकाचेही असेच. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो, आपल्या इंटेल यंत्रात लहान आधी असतो. ‘एचटॉन्स’ विसरलात तर ८० क्रमांकाचा पोर्ट २०४८० होतो आणि ८०८० चा ३६८९५. कंपायलर एक शब्द बोलत नाही. गेटॲड्रइन्फोला पोर्ट मजकूर म्हणून दिला की ही उलटापालट ते स्वतःच करते, हा त्याचा आणखी एक फायदा.

उलट्या दिशेचे, पत्त्यावरून नाव सांगणारे फंक्शन ‘गेटनेमइन्फो’. त्यासाठी डीएनएसमध्ये आयपीव्ही४ पत्त्याचे आकडे उलटे लिहून ‘इन-ॲड्र डॉट आर्पा’च्या खाली शोध घेतला जातो. हे नाव कोण लिहितो? तो पत्ता ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि तो त्याला वाटेल ते नाव लिहू शकतो. त्यामुळे उलट्या शोधातून आलेल्या नावावर विसंबून कोणालाही आत घेऊ नये. मिळालेले नाव पुन्हा सुलटे शोधून तोच पत्ता येतो का, हे निदान पाहावे. ओपनएसएसएचने तर २०१५ मधल्या ६.८ आवृत्तीपासून हा शोध आपणहून करणेच बंद केले. नुसता लॉग लिहायचा असेल तर ‘एनआय_न्युमेरिकहोस्ट’ देऊन आकडेच छापावेत, असे माझे मत आहे.

सुरक्षेचा विषय मी मुद्दाम पहिल्याच प्रकरणांत घेतला आहे. क्वालिस कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या गेटहोस्टबायनेममधली ‘घोस्ट’ ही खोट जाहीर केली. आकडे आणि टिंबे असलेले विशिष्ट रचनेचे लांबलचक नाव दिले की बफरबाहेर काही बाइट लिहिले जात होते. ही खोट नोव्हेंबर २००० मधल्या २.२ आवृत्तीपासून होती. मे २०१३ मध्ये ती दुरुस्तही झाली होती. पण तिचा सुरक्षेशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही, त्यामुळे जुन्या आवृत्त्या तशाच चालू राहिल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, गूगल आणि रेड हॅटच्या अभियंत्यांनी गेटॲड्रइन्फोमधली खोट दाखवली. डीएनएसच्या उत्तरासाठी स्टॅकवर ठेवलेला २०४८ बाइटांचा बफर मोठ्या उत्तराने ओलांडला जात होता. म्हणजे जुने फंक्शनही सुटले नाही आणि नवेही. नाव बाहेरून येते, उत्तरही बाहेरूनच येते. दोन्हींवर संशय ठेवूनच कोड लिहायला हवा, आणि लायब्ररी वेळच्या वेळी अद्ययावत करायला हवी.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे शेवटचे प्रकरण देवनागरी नावांचे आहे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून नोंदणीसाठी खुले आहे आणि त्याखाली मराठी नावे घेता येतात. पण डीएनएसच्या तारेवरून देवनागरी जात नाही. ‘भारत’ तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा अकरा रोमन चिन्हांच्या रूपात जाते. हे रूपांतर पनीकोड पद्धतीने होते. यूटीएफ-८ मध्ये ‘भारत’ लिहायला १२ बाइट लागतात. ते बाइट तसेच गेटॲड्रइन्फोला दिले तर नाव सापडत नाही. ग्लिबसीत ‘एआय_आयडीएन’ हा झेंडा लावावा लागतो, आणि त्याआधी ‘सेटलोकॅल’ बोलवावे लागते. ते विसरले तर प्रोग्राम साध्या सी लोकॅलमध्ये राहतो आणि रूपांतर फसते. मराठी नावाचा पत्ता न उघडणारा प्रोग्राम मराठी माणसानेच लिहिलेला असावा, हे मला सहन होत नाही. दोन ओळींचे काम आहे.

पुस्तकातले सगळे कोड लिनक्स आणि ग्लिबसी धरून लिहिले आहे. विंडोजवर हीच फंक्शन्स आहेत, पण सुरुवातीला विन्सॉक जागे करावे लागते आणि सॉकेट बंद करण्याचा कॉल वेगळा आहे. तो फरक एका परिशिष्टात येतो.

वाचकांना एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी लिनक्सवर गेटॲड्रइन्फोचे मॅन्युअल पान काढा. त्याच्या तळाशी क्लायंट आणि सर्व्हर अशी दोन पूर्ण उदाहरणे आहेत. कॉपी न करता ती हाताने टाइप करा. क्लायंट आधी ‘लोकलहोस्ट’ देऊन चालवा आणि किती कड्या मिळतात ते छापून पाहा. मग अस्तित्वात नसलेले नाव द्या. मग वाय-फाय बंद करून एखादे खरे नाव द्या. तिन्ही वेळा आलेला संदेश आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या नोंदींवरूनच होते.